पहिल्या दिवशीचा तोल

उत्साही : मॅडम, अजिंठ्याला येणाऱ्या कॉलेजच्या सहली तुम्ही वर्षानुवर्षं पाहताय. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाड्या लावायच्या, तिथून लेण्यांच्या बसने पायथ्याशी, मग पायऱ्या, मग वाघूर नदीच्या वळणावरून लेण्यांच्या कडेकडेने चालत राहायचं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढायच्या. त्या घोळक्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीची पाळी सकाळीच आलीय असं धरा. ओटीपोटात कळा, कंबर मोडून आलीय, मांड्या भरून आल्यात. ती रखरखीत उन्हातून पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरते. रंग टिकावेत म्हणून आत उजेड मुद्दामच कमी ठेवलाय. पहिली काही मिनिटं तिला पुढचा खांबसुद्धा धड दिसत नाही. माणूस सरळ उभा राहतो तो तीन ठिकाणच्या खबरीवर: डोळे, आतल्या कानातली तोलाची इंद्रियं आणि स्नायू-सांध्यांमधून येणारी जाणीव, म्हणजे पाय कुठे आहे, गुडघा किती वाकलाय हे न बघता कळणं. अंधारात डोळ्यांची खबर गेली. पायाखाली खडबडीत, अनोळखी दगड. मोठी भिस्त आता तिसऱ्या खबरीवर. आणि पाळीच्या दुखण्याने नेमकी तीच खबर थोडी अंधुक होते की काय, असा प्रश्न फिजिओथेरपीत आता गांभीर्याने विचारला जातोय. मला तो आपल्या भागातल्या मुलींसोबत मोजून पाहायचाय.

शंकेखोर : जरा दम धर. अंधारात अनवाणी मलाही ठेच लागते आणि माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. लेण्यात अडखळणारी माणसं मी खूप पाहिली, त्यांत सेल्फीच्या नादात मागे सरकणारे पुरुष जास्त. तू अंधार, दगड, दुखणं आणि मुलगी अशा चार गोष्टी एका दमात सांगितल्यास, म्हणून त्या एकमेकींना जोडलेल्या वाटतात. सिल्लोडला दवाखाना चालवताना पाळीच्या दुखण्याच्या मुली मी रोज पाहिल्या. पोट धरून येतात, उलट्या होतात, एखादीला घेरी येते. पण ‘मॅडम, गुडघा कुठे आहे ते कळत नाही’ असं एकीनेही सांगितलं नाही. जी तक्रार कुणी करत नाही ती शोधायला यंत्र घेऊन निघालं, की काहीतरी सापडतंच. म्हणून आधी सांग, मोजतात काय आणि कसं?

उत्साही : साधंच आहे. डोळे मिटायला सांगायचं. गुडघा, समजा, 30 अंशांत वाकवून क्षणभर धरायचा आणि म्हणायचं, ही जागा लक्षात ठेव. मग पाय सरळ करायचा आणि आपणहून पुन्हा तिथेच आणायला सांगायचा. किती अंशांनी चुकली, ते कोनमापकाने मोजायचं. तोलासाठी एका पायावर उभं करायचं, दुसऱ्या पायाने पुढे, मागे-आत, मागे-बाहेर जमेल तितकं लांब टेकवायला लावायचं आणि ते अंतर तिच्या पायाच्या लांबीच्या प्रमाणात काढायचं. महागडी सोय असेल तर दाब मोजणाऱ्या फळीवर उभं करून शरीर किती डोलतं ते नोंदायचं. काही अभ्यासांत कळा येणाऱ्या मुलींची चूक, कळा न येणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त निघाली. काहींत फरक पडला नाही. हे मी लपवत नाही.

आणि तक्रार कुणी करत नाही म्हणता, तर करणार कशी? ही जाणीव असते तोवर तिचा पत्ताच नसतो. 1972 साली केलेल्या एका गाजलेल्या प्रयोगात डोळे मिटलेल्या माणसाच्या दंडातल्या स्नायूच्या कंडरेवर कंप देणारं यंत्र धरलं. हात जागचा हलला नव्हता, पण त्याला वाटलं, कोपर सरळ होतंय. म्हणजे स्नायूंमधल्या संवेदकांनी चुकीची खबर दिली तर माणूस ती खरी मानून चालतो. त्याला आतून ‘चूक’ जाणवत नाही. मुलगी म्हणेल, आज पाय जड वाटतात. एवढंच.

आता दुखण्याचं म्हणाल, तर तुम्हाला मी काय सांगायचं! रक्तस्राव सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, गर्भाशय आवळतं, त्याचाच रक्तपुरवठा अडतो आणि दोन-तीन दिवस कळा येतात. या दुखण्याची खबर नेणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, त्याच्याच आसपास कमरेच्या आणि मांडीच्या वरच्या भागाच्या संवेदना शिरतात. म्हणून तर दुखणं पोटाचं आणि भरून येते मांडी. त्यात मुलगी पोट आवळून, पुढे वाकून चालते. पोटाचा सगळ्यात आतला स्नायू कण्याला आधार देणारा, तो वेगळ्याच तऱ्हेने काम करू लागतो. शरीराचा भार पुढे सरकतो. एवढं सगळं बदलल्यावर तोल तसाच राहील, हेच उलट नवल.

शंकेखोर : कारणमीमांसा छान आहे. छान कारणमीमांसा असलेली कितीतरी औषधं माझ्या देखत बाजारातून गेली. आता माझे आक्षेप ऐक. कळा येणाऱ्या मुली एका बाजूला आणि न येणाऱ्या दुसऱ्या बाजूला उभ्या करून तुलना केलीस, तर त्या मुली आधीपासूनच वेगळ्या असू शकतात. एक खो-खो खेळणारी, दुसरी दिवसभर बाकावर बसणारी. मग कळांमुळे रात्री झोप झालेली नसते. झोप नसेल तर तोल बिघडतो, त्याला पाळी कशाला हवी? सकाळपासून पोटात अन्न नसतं. आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट, रक्तक्षय. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54 टक्के बायकांत तो निघाला. पायरीवर चक्कर आली ती दुखण्याने की हिमोग्लोबिनने, हे तुझं कोनमापक सांगणार नाही. शिवाय हे अभ्यास कुणावर होतात? फिजिओथेरपीच्याच विद्यार्थिनींवर, कारण त्या हाताशी असतात. त्यांना चाचणी माहीत, गृहीतक माहीत, आणि बाईंना काय निघायला हवंय तेही माहीत.

उत्साही : म्हणून तीच मुलगी दोनदा मोजायची. एकदा दुखण्याच्या पहिल्या दिवशी, एकदा मधल्या, न दुखणाऱ्या आठवड्यात. सरावाने आकडे सुधारतात, तेव्हा निम्म्या मुलींची सुरुवात दुखण्याच्या दिवसापासून करायची, निम्म्यांची दुसऱ्या टोकाकडून. सोबत ज्यांना पहिल्या दिवशी काहीच दुखत नाही अशाही मुली घ्यायच्या, म्हणजे संप्रेरकांचा भाग किती आणि दुखण्याचा किती, हे निराळं करता येईल. खेळाडूंच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांबाबत जे वाद आहेत, ते इस्ट्रोजेनमुळे अस्थिबंध सैल होतात का याचे. त्यात महिन्यातला धोक्याचा काळ कोणता यावरही एकमत नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे, फक्त दुखण्याचा. हिमोग्लोबिन तपासून घेऊ, झोप विचारू. आणि मोजणाऱ्याला मुलीचा दिवस कोणता ते सांगायचं नाही.

शंकेखोर : मोजणाऱ्याला नाही सांगितलंस. मुलीला माहीत आहेच की!

उत्साही : तिला माहीत असणारच, ते टाळता येत नाही. पण आणखी एक वाट आहे. दुखण्याच्या दिवशी मोजायचं, मग गोळी द्यायची, दुखणं उतरल्यावर पुन्हा मोजायचं. चूक कमी झाली तर कारण दुखणंच.

शंकेखोर : कुठली गोळी? मेफेनॅमिक ॲसिड ना? प्रत्येक मेडिकलमध्ये मुली नाव घेऊन मागतात. त्या गोळीची क्वचित होणारी पण गंभीर ॲलर्जी लक्षात ठेवा, असा इशारा 2023 च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने दिला होता. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः लिहून देते, तिचा गुण येतो, आणि वेळेवर घेतली तर चांगलाच येतो. गरम पाण्याच्या पिशवीनेही बऱ्याच जणींना उतार पडतो. पण तुझ्या बोलण्यातच उत्तर आलं बघ. गोळीने दुखणं गेलं आणि तोल सुधारला, तर इलाज दुखण्याचा करायचा. मग तोल मोजायचा कशाला? ‘दुखतंय’ एवढं पुरेसं नाही का?

उत्साही : पुरेसं असतं तर मी इथे बसलेच नसते. ‘दुखतंय’ म्हटलं की घरी उत्तर तयार असतं, बाईच्या जातीला चालायचंच. शाळेत पीटीचे सर म्हणतात, पळाल्यावर बरं वाटेल. आता व्यायामाने पुढच्या महिन्यांतलं दुखणं कमी होऊ शकतं, याला थोडाफार पुरावा आहे, पण त्याचा अर्थ कळा येत असताना पळवायचं असा नाही! 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानूने 199 किलो उचललं आणि ती चौथी आली. कांस्यपदक 200 किलोला गेलं. पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा वाटत होता, असं ती नंतर म्हणाली. लगेच बहाण्याची चर्चा सुरू झाली. तिच्या जागी कुणी ‘खांदा दुखावला होता’ म्हणालं असतं, तर एमआरआय दाखवून मोकळं झालं असतं. पाळीच्या दुखण्याचा एमआरआय नाही. अंशांतली चूक हा निदान एक आकडा आहे.

शंकेखोर : आता खरी बोललीस. म्हणजे मुलीच्या शब्दावर भरवसा नाही, म्हणून तिच्या गुडघ्याची साक्ष काढायची. आणि उद्या एखादीला मरणाच्या कळा आल्या, पण गुडघा नेमका 30 अंशांवर थांबला, तर? ती खोटी ठरणार? आकडा जिच्या बाजूने निघाला तिचं भलं होईलही. ज्यांच्या बाजूने निघणार नाही त्या आज जेवढ्या एकट्या आहेत त्याहून जास्त एकट्या पडतील. मीराबाईचंच घे. तो एक किलो पाळीने गेला, हे कुणालाही, तिला स्वतःलाही, सिद्ध करता येणार नाही. आणि सिद्ध करायची गरज तरी काय? तिने सांगितलं, आपण ऐकलं. तुझी सगळी धडपड ऐकून न घेणाऱ्यांचं समाधान करायला चाललीय, आणि त्यांचं समाधान आजवर कुठल्या आकड्याने झालंय?

उत्साही : मुद्दा बोचरा आहे, पण पूर्ण नाही. पोलीस भरती घ्या. आपल्याकडच्या गावोगावच्या मुली पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, त्या कशासाठी? 800 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. एकेका गुणावर नोकरी. मैदानी चाचणीची तारीख हॉलतिकिटावर येते. त्या दिवशी पाळी आली की आली. आता गोळाफेक पाहा. चार किलोचा गोळा मानेशी धरायचा, मागच्या पायावर भार घ्यायचा, कंबर वळवून तो पुढच्या पायावर टाकायचा आणि फेकून झाल्यावरही वर्तुळात राहायचं. यात आहे काय दुसरं? पाय न बघता पाय कुठे आहे ते कळणं आणि भार हलवताना न ढळणं. तिथे थोडासा फरक असेल तर तो माहीत असायला हवा की नको? तिथे भरती मंडळ मुलीचा शब्द ऐकणार नाही, कारण तिथे शब्दाला रकानाच नाही.

शंकेखोर : आणि तुझा फरक सिद्ध झाला, तर भरती मंडळ काय करेल? दोन शक्यता. एक, तारीख बदलून देईल. दुसरी, कुणीतरी साहेब म्हणतील, महिन्यातले दोन दिवस जिचा तोल जातो तिला बंदोबस्तात गच्चीवर उभी करायची का? मला दुसरी शक्यता जास्त दिसते. 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाळीच्या रजेचा विषय सरकारकडे सोपवताना हीच भीती बोलून दाखवली होती, की सक्तीची रजा दिली तर बायकांना कामावर घेणंच टाळतील.

उत्साही : बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. तिथल्या कचेऱ्या बायकांविना ओस पडल्या नाहीत.

शंकेखोर : सरकारी नोकरीतल्या! कायम झालेल्या, पगार ठरलेल्या. मी ज्यांच्याबद्दल घाबरते त्या वेगळ्या आहेत. शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते तुला सांगायला नको. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीच्या वेळी तिथल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कितीतरी जणी ऐन तिशीतल्या, चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्या, कॅन्सरची भीती घातली गेली, आणि पाठीशी कोयत्याचा हिशेब होताच. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच अंगावर, एक दिवस खाडा पडला की दंड. तिथे गुडघ्याचा कोन कुणी मोजला नव्हता. पाळीने काम अडतं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि इलाज कामावर न होता शरीरावर झाला. तू आणखी एक शास्त्रीय वाक्य त्या ढिगावर टाकणार: पाळीत तोल जातो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला हे वाक्य कोण, कशासाठी सांगेल, याचा विचार कर.

उत्साही : विचार केलाय, आणि माझ्या मते तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती फळीवरून चढते, आणि पडत नाही. बहुतेक वेळा पडत नाही. म्हणून सगळे म्हणतात, काही बिघडलेलं नाही. हेच आमच्या चाचण्यांतही होतं. एका पायावर मुलीला उभं केलं तर दुखत असतानाही ती नेटाने उभी राहते, कारण सगळं लक्ष तिथेच एकवटतं. एरवी उभं राहायला लक्ष लागतच नाही, ते आपोआप होतं. फरक बघायचा असेल तर तिला उभी असतानाच 100 मधून सात-सात वजा करत जायला सांगायचं. मग कळेल, उभं राहण्यापायी तिचं किती खर्च होतंय. एकतर आकडे चुकतील, नाहीतर पाय टेकेल. म्हणजे तोल जातो की नाही हा प्रश्नच मोठा ढोबळ आहे. तोल राहतो. तो राखायला त्या दिवशी किती जास्त लक्ष खर्चावं लागतं, हा खरा प्रश्न. ते जास्तीचं कुठल्या हजेरीपटात लागत नाही, मजुरीत धरलं जात नाही, गुणपत्रिकेत दिसत नाही.

शंकेखोर : हे मात्र मला पटण्यासारखं आहे. दवाखान्यात हे बघितलंय, पण असं मांडलेलं ऐकलं नव्हतं. मुली म्हणायच्या, पेपर सोपा होता, पण सुचत नव्हतं. जेवढं लक्ष कळा सोसण्यात गेलं तेवढं पेपरातून गेलं. तू म्हणतेस तेच बसून होतं, उभं राहूनही होणार. पण मग एक कबूल कर. यात पाळीचं असं खास काही उरलं नाही. दाढ दुखत असलेल्या पुरुषालाही सात-सात वजा करताना असंच होईल. कंबरदुखीच्या माणसांचा तोल तर कितीदा मोजून झालाय.

उत्साही : असेल. पण दाढदुखी दर महिन्याला, तारीख लावून, पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून पुढे कितीतरी वर्षं येत नाही. आणि दाढ दुखते हे सांगायला कुणी लाजत नाही. शरीरात घडतं ते कदाचित सगळ्या दुखण्यांत सारखंच, बाहेर घडतं ते सारखं नाही.

शंकेखोर : बरं. मग तुझ्या सहलीकडे येऊ, कारण तिथे माझ्याकडे तोडगा आहे. सहलीच्या फॉर्मवर मुलींना पाळीची तारीख विचारशील?

उत्साही : छे! मुळीच नाही. लेण्याच्या दाराशी सगळ्यांनाच पाच मिनिटं थांबवेन. डोळे अंधाराला सरावू देईन. उंबरठा दाखवेन. चपला काढताना धरायला आधार ठेवेन आणि सोळाव्या लेण्याच्या हत्तींपाशी सगळ्यांनाच बसू देईन. ज्याला हवं तो बसेल.

शंकेखोर : म्हणजे कुणालाही काहीही न विचारता, कुणाचा आकडा न काढता काम झालं. मधुमेही आजोबांचंही झालं. मग अभ्यास कशाला हवा? भरतीचंही तसंच करता येईल. प्रत्येक उमेदवाराला, मुलग्यालासुद्धा, दोन तारखा द्या, कारण न विचारता एक निवडू द्या. कुणाला ताप असेल, कुणाकडे मयत असेल, कुणाची पाळी.

उत्साही : सहलीला चालेल. भरतीलाही कदाचित चालेल, कारण तिथे एक जादा तारीख सरकारच्या खिशातून जाते. पण तुम्हीच विषय काढलेल्या उसाच्या फडावर हे चालत नाही, मॅडम. टनावर मजुरी आहे. कारण न विचारता सगळ्यांना सुट्टी द्यायची तर तिचे पैसे कोण मोजणार? मुकादम देणार नाही, कारखाना म्हणेल हे आमचे कामगारच नाहीत. तिथे कुणाकडे तरी, कधीतरी, पुरावा मागितला जाणारच, आणि तेव्हा आपल्या हातात ‘बाई म्हणते’ याखेरीज काही नसेल.

शंकेखोर : पुरावा मागणाऱ्याच्या हाती तो दिला, की तो त्याचं काय करतो ते बीडने दाखवलंय.

उत्साही : बीडमध्ये पुरावा नव्हता. भीती होती आणि हिशेब होता.

शंकेखोर : हिशेब अजूनही तोच आहे. तुला मोजायचंच असेल तर फडावर जाऊन मोज, कॉलेजात नको. आणि गुडघ्याच्या कोनाच्या शेजारी आणखी दोन रकाने ठेव: उचल किती घेतली आणि ती फिटायला किती टन तोडावा लागतो. हे तीन आकडे एकाच कागदावर असतील तर मी तुझ्यासोबत येते. नुसता कोन असेल तर नाही.

उत्साही : तीन रकाने ठेवले तर फिजिओथेरपीचं कुठलंही मासिक तो निबंध छापणार नाही. म्हणतील, हा विषय समाजशास्त्राचा.

शंकेखोर : आणि समाजशास्त्रवाले म्हणतील, यात गुडघा कशाला?

उत्साही : मग छापून कुठे आणायचा?

शंकेखोर : ते तू बघ. मी फक्त एवढंच विचारतेय, की फडावरच्या बाईला तिचा आकडा आधी कळणार की मुकादमाला?